दोन मशिनांची अक्का

अक्का, तुझं कार्ड झालं. सकाळी अकराला बसलो आणि उठलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. तू वीस मिनिटांत केलं असतंस, तेही मधे फोनवर कुणाशी तरी भांडत. एवढ्याशा कागदाला सहा तास लावले म्हणून हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा.

मंगळवारी तू गेलीस. बुधवारी तुझ्या निशाचा फोन आला की रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, आणि त्याचं कार्ड दुसऱ्या कुणाकडं द्यायचं नाही. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता दुकानात ते करणारं कुणी उरलेलंच नाही. शाहूपुरीतल्या आपल्या टंकजुळणीच्या दुकानाच्या पाटीवर बावीस वर्षं माझं आडनाव आहे, पण अक्षरं जुळवणारी तू होतीस. मी काउंटरवरचा माणूस. गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा सांगायचा, प्रेसला हेलपाटे घालायचे आणि तासातासानं तुझ्यामागं उभं राहून "झालं का?" म्हणून विचारायचं, एवढीच माझी विद्या.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. चार वर्षं राहिली आहे. कार्ड करताना ती सारखी आडवी येत होती, म्हणून आज लिहायला बसलो. पण त्याआधी मला जरा तुझं कौतुक करू दे. जिवंतपणी ते कधी जमलं नाही, कारण चांगला शब्द तोंडातून निघाला की तू चष्म्यावरून बघायचीस आणि म्हणायचीस, "मालक, आज काय काम काढलंस?" मी चिडलो किंवा लाडात आलो, दोन्ही वेळेला तू मला मालक म्हणायचीस. एरवी नुसता विलास.

ते मॅक आलं तो दिवस आठवतो का? पुण्यातली एक जाहिरातींची कचेरी बंद पडली होती आणि तिथलं वापरलेलं मशीन मी एसटीतून मांडीवर घेऊन आणलं होतं. रंगीत पत्रिकांचे दिवस आले होते आणि आपल्या जुन्या विंडोजवर ते रंगकाम काही जमत नव्हतं. पण आपली सगळी मराठी अक्षरं मात्र त्या जुन्यावरच होती. जाड अक्षराला तू 'पैलवान' म्हणायचीस, वेलबुट्टीच्या अक्षराला 'नवरी'. ती अक्षरं जुन्या मशीनशिवाय दुसरीकडं उघडली की मराठी राहायचीच नाहीत. इंग्रजी खुणांचा नुसता चिखल दिसायचा. म्हणून माझा बेत सरळ होता. जुनं पोटमाळ्यावर टाकायचं, नव्यासाठी नवी अक्षरं घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

तू आठवडाभर त्या नव्या मशीनकडं नुसती बघत होतीस. माऊसला उजवं बटण नाही हे तुला पटतच नव्हतं. मग एके दिवशी दुपारी मला हाक मारलीस. निशाच्या कॉलेजातल्या कुणा सरांना विचारून तू कसलासा फुकटचा प्रोग्रॅम दोन्ही मशिनांवर चढवला होतास. दोन्ही पडदे शेजारी शेजारी, पुढ्यात एकच कीबोर्ड, एकच माऊस. "हिकडं बघ," म्हणालीस आणि डाव्या पडद्यावरचा बाण हळूहळू उजवीकडं नेलास. तो कडेला गेला, दिसेनासा झाला आणि नव्या मशीनच्या पडद्यावर डाव्या अंगानं शिरला.

मी काय केलं ते तू पुढं दहा वर्षं सगळ्यांना सांगत होतीस. मी टेबलाखाली वाकून वायर बघितली. खरं सांगतो, अंगावर काटा आला होता. दोन वेगळ्या कंपन्यांची, एकमेकांचं काही न कळणारी मशिनं, आणि त्यांच्यातून तू स्वयंपाकघरातून सोप्यात यावं तशी येत-जात होतीस.

"मी दोन्ही ठेवतो," तू म्हणालीस. "दोन्ही आपलीच हाईत की."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, जग एका मशीनवर काम करतंय, तूच कशाला दोन घेऊन बसतेस? तू वाद घालायची नाहीस. अक्षरं जुन्यावर जुळवायचीस, त्यांचं चित्र करायचीस, ते चित्र नव्यावर नेऊन रंगात बसवायचीस आणि पत्रिका माझ्या हातात द्यायचीस. त्या पत्रिकेत नवरी इतकी देखणी बसलेली असायची की मला पुढं बोलता यायचं नाही. तेवढ्यापुरतं, अर्थात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुरू.

लोक बघायला यायचे, अक्का. लग्नाची पत्रिका करायला आलेले कागलकडचे एक पावणं तासभर उभे राहून तुझ्याकडं बघत होते आणि निघताना नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव घालायचंच विसरले. दूध संस्थेचे सेक्रेटरी अहवाल घेऊन यायचे, ते खुर्ची तुझ्या बाजूला ओढून बसायचे. जुन्यावर नक्कल करायची ती करंगळीजवळची कळ दाबून, नव्यावर अंगठ्याजवळची. बाण कुठल्या पडद्यावर आहे त्यावर कळीचं काम बदलायचं, आणि तुझी बोटं बाणाच्या आधी बदललेली असायची. तू खाली बघायची नाहीस. बहुतेक वेळा तू पडद्याकडंही नीट बघायची नाहीस, गिऱ्हाइकाशी बोलत असायचीस.

मी एकदा विचारलं होतं, हे जमतं कसं? तेव्हा तू आण्णांचं सांगितलंस. तुझे वडील इचलकरंजीला मागावर होते, एकट्यानं चार माग सांभाळायचे. तू लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचीस आणि दारात उभं राहून बघायचीस. आण्णा मागाकडं बघायचे नाहीत, ऐकायचे, असं तू म्हणाली होतीस. कुठल्या मागाचा धागा तुटला ते त्यांना आवाजावरून कळायचं आणि ते तिकडं वळलेले असायचे. मला आधी ती बढाई वाटली. मग मी तुझ्यावर पाळत ठेवली. तू नव्यावर रंग भरत असायचीस आणि मधेच, मान न वळवता, "तिकडचं झालं" म्हणायचीस. मी जुन्याच्या पडद्यावर बघायचो तर खरंच झालेलं असायचं. आठवडाभर बघितलं. एकदाही चुकली नाहीस.

आणि ती तुझी 'पोचलं'ची पद्धत. त्यावरून मी तुला किती छळलं. इकडून तिकडं काहीही न्यायचं असलं तरी तू कधी 'कट' करायची नाहीस, कॉपीच करायचीस. मग पलीकडं जाऊन ते उघडायचं, पहिली ओळ वाचायची, शेवटची ओळ वाचायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "पोचलं." अलीकडची मूळ प्रत महिनाभर तशीच ठेवायची. कुणी ऐकायला असो नसो, म्हणायचंच. मी काउंटरवरून ओरडायचो की अक्का, पोस्टात नोकरी धर. तू म्हणायचीस, ज्यानं पाठवलं त्यानंच पोचल्याचं बघायचं असतं.

आता ती गोष्ट.

शिरोळकडच्या त्या गुरांच्या डॉक्टरांचं पुस्तक आठवतं तुला. आठवणार नाही कसं. निवृत्त झाल्यावर त्यांनी म्हशींचे आजार आणि देखभाल यावर आयुष्याचं सगळं ज्ञान उतरवून काढलं होतं. चौदा प्रकरणं. दिवसातून तीनदा त्यांचा फोन यायचा, "माझी म्हस कुठवर आली?" जुळणी पूर्ण झाली होती, छापील प्रुफं तपासून आली होती. दुरुस्त्या करून सगळं नव्या मशीनवर न्यायचं तेवढं राहिलं होतं. आणि तू दोन दिवस इचलकरंजीला गेलीस, आण्णांचा मोतीबिंदू काढायचा होता म्हणून.

मी ठरवलं, अक्का परत यायच्या आत सगळं नव्यावर हलवायचं. जुनं मशीन गुंडाळून पोटमाळ्यावर टाकायचं आणि तू आलीस की दाखवायचं, बघ, जमतं की नाही एकावर. मी तुझ्या खुर्चीत बसलो. चौदाच्या चौदा प्रकरणं जुन्यावरून कट केली आणि नव्यावर नेऊन ठेवली. अक्षरांचं चित्र करून न्यायचं असतं हे मी आठ वर्षं रोज बघत होतो, पण बघणं वेगळं. नव्यावर एक प्रकरण उघडलं. चिखल. दुसरं उघडलं. चिखल. मला वाटलं, आणताना नकला खराब झाल्या, मूळ प्रती जुन्यावर आहेतच, पुन्हा आणू. म्हणून तो सगळा चिखल कचरापेटीत टाकला आणि कचरापेटी रिकामी केली. स्वच्छता केली मी. मग जुन्याकडं वळलो तर तिथं काहीच नव्हतं. मी कट केलं होतं. मी फेकलं ते अस्सल होतं.

तुझ्या पेनड्राईव्हवर पहिली पाच प्रकरणं मिळाली. बाकीची नऊ तू दुरुस्त्या झाल्यावर ठेवणार होतीस.

तू आलीस, चपला काढल्यास, आणि तू बसायच्या आधीच मी बोललो, "अक्का, जुनं मशीन बसलं. नऊ प्रकरणं खाल्ली त्यानं. किती दिवस सांगतोय, काढून टाक म्हणून." पहिली दोन वाक्यं घाबरून गेली असं मी स्वतःला समजावू शकतो. तिसऱ्या वाक्याचं काय करू? माझीच चूक वापरून मी आपलं भांडण जिंकायला बघितलं.

तू जुनं मशीन चालू केलंस, त्याच्या डब्यावर तळहात ठेवून जरा वेळ ऐकत बसलीस. काहीतरी उघडून बघितलंस. मग बाण पलीकडं नेऊन नव्यावर काहीतरी बघितलंस. शेवटी हळूच म्हणालीस, "ह्यानं न्हाय केलं."

"मग कुणी केलं?" मी विचारलं. बघ माझं धाडस.

तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "बघू. च्या सांग."

त्यानंतरचे नऊ दिवस मी जन्मात विसरणार नाही. नऊ दिवसांत नऊ प्रकरणं. छापील प्रुफं डाव्या हाताला उभी करून तू जुन्यावर टंकायला सुरुवात केलीस. एक पान झालं की त्याचं चित्र व्हायला लागायचं, तेवढ्यात तू नव्यावर जाऊन पुढच्या पानातल्या म्हशीचा फोटो बसवायचीस, आणि तो बसेपर्यंत पुन्हा अलीकडं आलेली असायचीस. बाण इतक्या वेळा इकडून तिकडं जायचा की माझी मान दुखायची. लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या, कासदाह. डॉक्टरांचा फोन आला की तू त्यांनाच सांगायचीस, कासदाहाच्या प्रकरणात कास किती वेळ शेकायची ते दोन ठिकाणी दोन लिहिलंय, खरं कुठलं? डॉक्टर मला म्हणाले, तुमची ही बाई जनावरांची परीक्षा सहज पास होईल. पुस्तक दुसऱ्यांदा जुळवलं जातंय हे त्यांना कधीच कळलं नाही. तू कळू दिलं नाहीस.

सातव्या दिवशी तुझं मनगट सुजलं. तू त्याला फडकं बांधून बसलीस. मी जाऊन मलम आणलं, तुझ्यासमोर ठेवलं आणि काउंटरवर परत आलो. तोंडाशी आलेलं सगळं मी त्या मलमाच्या डबीवर भागवलं. मला तुझ्या हातांची एवढी नवलाई वाटत होती आणि तेवढीच लाज, की त्यातलं एक सांगायला गेलो असतो तर दुसरं बाहेर पडलं असतं. म्हणून दोन्ही गिळलं.

पुस्तक आलं. डॉक्टर पेढे घेऊन आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, मालक, कमाल केलीत. मी कमाल घेतली. तू तिथंच होतीस, पेढा खात.

आणि काल-परवापर्यंत रोज तू त्याच दोन मशिनांपुढं बसत होतीस. जुन्याला तू एका साडीतून झाकण शिवलं होतंस. मी अधूनमधून म्हणायचो, भरवसा नाही ह्याचा, एकदा खाल्लंय त्यानं. सवयीनं म्हणायचो. खोटं एकदा बोललं की ते आपणहून बोलत राहतं, मला थांबवताच आलं नाही.

आज सकाळी झाकण काढलं. तुझा फोटो निशानं मोबाईलवरून पाठवला होता, तो नव्या मशीनवर. अक्षरं जुन्यावर. म्हणजे तुझं कार्ड करायचं तर तू जशी करायचीस तसंच करावं लागणार होतं, दुसरी वाटच नव्हती. मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि अक्का, अर्ध्या तासात माझा घाम निघाला. करंगळीच्या जागी अंगठा गेला आणि फोटोची खिडकी बंद झाली. अंगठ्याच्या जागी करंगळी गेली आणि काहीच झालं नाही, म्हणून मी तीनदा दाबलं. बाण अलीकडं आहे असं समजून पलीकडं टंकलं. तुझं नाव चार वेळा चिखलात गेलं. एका हाताला एक गोष्ट विसरायला लावून त्याच क्षणी दुसरी आठवायला लावायची, हे तू दिवसातून हजार वेळा करत होतीस आणि वर मला विचारत होतीस, जेवलास का? मी बारा वर्षं तुझ्यामागं उभा होतो आणि मला वाटत होतं की मी तुझं काम बघतोय. मी त्यातलं काहीच बघितलं नव्हतं.

पैलवान घेतला नाही, तो तुझ्या नावाला फार ओरडतो. नवरीचा प्रश्नच नव्हता. साधं अक्षर घेतलं, जे तू बाकीच्यांच्या अशा कार्डांना घ्यायचीस. त्याचं चित्र केलं, पलीकडं नेलं, उघडलं, पहिली ओळ वाचली. शेवटची ओळ निशाच्या नावाची होती. ती वाचायला वेळ लागला.

सव्वापाचला निशा आली. प्रूफ हातात घेऊन उभ्यानंच वाचलं. "आईचं साधं अक्षर घेतलासा. बरं केलासा," म्हणाली. मग खुर्चीवर बसली, आणि प्रुफावरची नजर न काढता विचारलं, "काका, त्या डॉक्टरांच्या पुस्तकाचं आईला सांगितलासा काय?"

मी जुन्या मशीनच्या झाकणाची घडी घालायला लागलो. तिला तेवढं पुरलं.

तिनं सांगितलं ते असं. तुला त्याच दिवशी कळलं होतं. नव्या मशीनच्या कचरापेटीची वेळ, जुन्यावरून फायली गेल्याची वेळ, आणि त्या वेळेला तू दवाखान्यात आण्णांच्या उशाशी. घरी जाऊन तू निशाला सगळं सांगितलंस. निशा भडकली, म्हणाली, मग विचार की त्यांना सरळ. तेव्हा तू तिला जे म्हणालीस ते तिनं मला तुझ्याच शब्दांत ऐकवलं.

"मी इचारलो तर त्यो व्हय म्हणंल. पर ते त्यानं सांगितलं असं व्हईल का? सांगंल की त्याचा त्यो. मी कुठं चाललोय?"

निशा पुढं म्हणाली, मी तुझ्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिलो की तू दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घ्यायचीस. दोन्ही मशिनं थांबवायचीस. आणि घरी जाऊन तिला सांगायचीस, "आज आलता जवळ. पर प्रूफ इचारून गेला." चार वर्षांत किती वेळा सांगितलंस ते ती मोजत नव्हती म्हणाली. मागच्या शनिवारीही सांगितलं होतंस.

मला वाटायचं, तू हातांना विसावा देतेस.

मी निशाला सगळं सांगितलं. तुझ्या खुर्चीत बसलो तिथपासून कचरापेटीपर्यंत, आणि मग ते तिसरं वाक्य. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही आणि ते बरंच केलं, ते तिच्याकडं मागायचं नव्हतंच. जाताना दारात थांबून म्हणाली, "आईला आवडलं असतं, काका."

ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि तुझ्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो. दोन्ही मशिनं चालूच होती. प्रूफ विचारलं नाही.

अक्का, ते मशीन चांगलं होतं. पुस्तक मी पुसलं.